तोंडात अंगठी

(नौपाडा, ठाणे येथे तरुणांच्या बैठकीत केलेलं भाषण. बोललं तसं छापलं आहे.)



मला विषय दिला होता ‘चित्रपट आणि चळवळ’. आयोजकांना वाटलं असणार, म्हातारा ‘सामना’वर बोलेल, ‘जैत रे जैत’वर बोलेल, शेवटी ‘अंकुर’मधल्या त्या पोराच्या दगडावर येऊन थांबेल. नाही बोलणार. त्या पिक्चरांवर बोलणारे खंडीभर आहेत आणि त्यांना मानधनही मिळतं. मी आज ‘ऐलान’वर बोलणार आहे. १९७१ सालचा हिंदी पिक्चर. दिग्दर्शक के. रमणलाल. विनोद मेहरा, रेखा आणि विनोद खन्ना. खन्ना तेव्हा अजून व्हिलनगिरीच करत होता. तुमच्यातल्या किती जणांनी पाहिलाय? एकही हात वर नाही. छान. म्हणजे मी काहीही फेकू शकतो.

मी पाहिला तेव्हा सातवीत होतो. थेटरात नाही, वस्तीत. जयंतीच्या वर्गणीतून सोळा एमएमचा प्रोजेक्टर भाड्यानं आणायचे. दोन बांबूंमध्ये पांढरी चादर ताणायची. समोर जागा मिळाली नाही की माणसं चादरीच्या मागं जाऊन बसायची. मागून बघणाऱ्याला सगळं उलटं दिसायचं. हिरो डावखुरा, पाट्या उलट्या. आम्ही पोरं कायम मागंच. त्यामुळं कितीतरी दिवस मला विनोद मेहरा डावखुराच वाटत होता. रीळ बदलताना दिवा लागायचा तेव्हा शिट्ट्या, आणि चादरीवर हातांची कुत्री-मांजरं.

गोष्ट दोन ओळींची. एक बेकार फोटोग्राफर. काम मिळतं ते एका बेटावर चाललेल्या भानगडींचे फोटो काढायचं. तिथं तो पकडला जातो, कोठडीत पडतो. कोठडीतल्या दुसऱ्या कैद्याकडून त्याला एक अंगठी मिळते. साधीसुधी नाही, अणुशक्तीची. ती बोटात घालायची नाही, तोंडात ठेवायची. ठेवली की माणूस गायब. पण फक्त माणूस. कपडे नाही गायब होत. म्हणजे पळायचं असेल तर आधी अंगावरचं सगळं काढायचं, नागडं व्हायचं, अंगठी तोंडात टाकायची आणि पहारेकऱ्याच्या नाकासमोरून निघून जायचं.

हसा. आम्हीपण हसलो होतो.

आता यातलं विज्ञान तपासायला जाऊ नका. अणू हा शब्द उच्चारला की त्या काळात काहीही खपायचं. आज नुसतं ‘एआय’ म्हटलं की खपतं, तसंच. पण अर्थकारण बघा. अदृश्य माणसाइतका स्वस्त हिरो जगात दुसरा नाही. त्याला फ्रेममध्ये उभंच करायला लागत नाही! दाराला दोरा बांधा, खुर्चीला तार लावा, व्हिलनला म्हणावं हवेत मार खा. झाला सायन्सचा पिक्चर. एच. जी. वेल्सनं १८९७ साली कादंबरी लिहिली, तिच्यावर १९३३ मध्ये हॉलिवूडनं ‘द इन्व्हिजिबल मॅन’ काढला, तेव्हा त्यांनी नटाला कपड्यांखाली काळी मखमल नेसवली आणि काळ्या मखमलीसमोर उभं केलं, म्हणजे नुसते कपडे चालताना दिसतील. त्याला फिल्मवर फिल्म चढवायचा कुटाणा आला. आपल्या मुंबईच्या निर्मात्याला एवढी मखमल परवडणारी नव्हती. १९५७ चा ‘मिस्टर एक्स’, १९६४ चा ‘मिस्टर एक्स इन बॉम्बे’, मग आपला ‘ऐलान’. दोरा आणि तार. १९८७ च्या ‘मिस्टर इंडिया’त कुठं पैसा आला आणि हिरोला कपड्यांसकट गायब होता यायला लागलं. मला विचाराल तर तिथंच मजा गेली.

कारण मजा त्या नागडेपणात होती. अंगठी तोंडातून पडली तर? चौकात उभा आहेस आणि शिंक आली तर? पूर्ण पिक्चरभर हीच धाकधूक. सगळी सत्ता हातात, आणि एका शिंकेवर अब्रू.

आमच्या बापाची नोकरी वागळे इस्टेटमध्ये. एमआयडीसीची ती पहिली वसाहत, १९६२ ची. बापाच्या खिशात कायम वॉशर, नट, लोखंडाचे कपचे. दुसऱ्या दिवशी सकाळी वस्तीतल्या प्रत्येक पोराच्या तोंडात वॉशर. आणि सगळ्यांच्या चड्ड्या वाळत टाकलेल्या. एकानं गिळला. त्याला केळी चारून चारून बेजार केला. ते पोरगं पुढं चांगलं वकील झालं, ते सोडा.

पुढं मी कॉलेजात गेलो, अभ्यासवर्गाला जायला लागलो. अभ्यासवर्ग म्हणजे काय, एक खोली, एक कंदील, पंधरा जण आणि सतरा मतं. मार्क्स, फुले, आंबेडकर, फॅनन. मोठं शिक्षण झालं तिथं, खोटं बोलणार नाही. पण तिथं एक शब्द होता, पलायनवाद. हा शब्द कुणाच्याही डोक्यात घालता यायचा, पाट्यासारखा. देवळात जाणारा पलायनवादी, दारू पिणारा पलायनवादी, प्रेमाची कविता लिहिणारा तर हमखास. एकदा प्रत्येकाला विचारलं, अलीकडं कोणता सिनेमा पाहिलास. माझी पाळी आली. मी स्टेशनाजवळच्या थेटरात त्याच आठवड्यात ‘ऐलान’ मॅटिनीला परत पाहून आलो होतो. तिसऱ्यांदा. मी म्हणालो, ‘अंकुर’.

बरं, ‘अंकुर’ पाहिला होता, नव्हता असं नाही. आवडलाही होता. पण आवडणं वेगळं आणि ओढ वेगळी. ‘अंकुर’ला मी चळवळीचा कार्यकर्ता म्हणून गेलो, ‘ऐलान’ला मी गेलो. आणि बाहेर येताना मफलर तोंडावर ओढून घेतला, कुणी साथी बघेल म्हणून. अदृश्य माणसाचा पिक्चर बघायला अदृश्य होऊन गेलो म्हणा ना.

आता इतक्या वर्षांनी मला त्या पलायनवाद शब्दाशी भांडायचंय.

माझा बाप सातारकडचा. गावकी, येसकरकी, मेलेली ढोरं ओढणं, हे सगळं टाकून एका रात्रीत निघाला तो ठाण्यात येऊन थांबला. पळूनच आला ना? तुमच्यातल्या बहुतेकांचा आजा, पणजा असाच पळून आलेला आहे. १९७२ च्या दुष्काळात आमच्या दहा बाय दहाच्या खोलीत चौदा माणसं झोपत होती. सगळी पळून आलेली. बाबासाहेबांनी ४ नोव्हेंबर १९४८ ला घटना समितीत खेड्याची जी सालटी काढली ती वाचा. गाव म्हणजे डबकं. त्या डबक्यातून जो पळाला त्याला तुम्ही पलायनवादी म्हणणार? ज्यांच्या आजोबांना कधी पळायची वेळच आली नाही, त्यांनी हा शब्द घडवला आणि आम्ही तो शहाण्यासारखा पाठ केला.

आणि असे पळापळीचे स्वस्त पिक्चर जगात सगळीकडं गरिबांनीच डोक्यावर घेतलेत. एक सांगतो. आपल्या पँथरनं ज्यांचं नाव घेतलं ती ब्लॅक पँथर पार्टी १९६६ साली ओकलंडला निघाली. त्याच ओकलंडात १९७२ मध्ये एका पिक्चरचं शूटिंग झालं, ‘स्पेस इज द प्लेस’. पडद्यावर आला १९७४ ला. त्यात सन रा नावाचा काळा संगीतकार, जो आयुष्यभर सांगत आला की मी शनी ग्रहावरचा आहे. आधी हा माणूस ओकलंडात पँथरांच्याच घरात राहून गेला होता आणि बर्कलेच्या विद्यापीठात शिकवत होता. पिक्चरमध्ये त्याचं यान संगीतावर चालतं. पेट्रोलचा खर्च नाही! काळ्या लोकांना घेऊन दुसऱ्या ग्रहावर जायचं, ही स्टोरी. एक मुकादम आहे, त्याच्याशी हा काळ्या जनतेच्या नशिबावर पत्ते खेळतो. अंतराळात नोकऱ्या देणारं एम्प्लॉयमेंट एक्स्चेंज उघडतो. सेट बघाल तर आपल्या गणपतीच्या मंडपात याहून बरी सजावट असते. पण एक प्रसंग असा आहे की अंगावर काटा येतो. तरुण पोरं त्याला विचारतात, तू खरा आहेस कशावरून? तो सांगतो, मी खरा नाहीच, तुमच्यासारखाच आहे. तुम्ही या समाजात अस्तित्वात असता तर हक्क मागत फिरावं लागलं असतं का?

म्हणजे काय, तर ज्याला कुणी बघतच नाही त्याला गायब व्हायला अंगठी कशाला लागते!

हेच माझी आई त्या रात्री चादरीसमोर बसून बोलली होती. अंगठी, नागडा विनोद मेहरा, गायब. बायका पदर तोंडाला लावून हसत होत्या. आई शेजारणीला म्हणाली, “आगं बया, कापडं काढल्यावर दिसंना व्हय? आमी नेसून-सवरून जातो तरी कुनाला दिसत न्हाय.” आणि ती हसली. मोठ्यानं. मी तिला इतकं हसताना क्वचित पाहिलंय.

आई नौपाड्यात कामाला होती. याच भागात. एका बिल्डिंगचे जिने झाडायची, मोऱ्या आणि संडास धुवायची. तिच्यासाठी मागं लोखंडी जिना होता, पुढच्या जिन्यानं फक्त झाडत खाली यायचं, चढायचं नाही. सुट्टीच्या दिवशी मी बरोबर असायचो, खाली पायरीवर बसून. पाणी मागितलं तर वरून ओंजळीत ओतायचे. हे झालं अस्पृश्य. हे तुम्हाला माहीत आहे, पुस्तकात आहे. पण पुस्तकात नसलेलं सांगतो. आई मोरी धुवायला आत गेली की घरातली माणसं तिच्यादेखत नवरा-बायकोची भांडणं करायची, पोरीच्या लग्नाचं देणंघेणं बोलायची, दागिने मोजायची. लाज नाही, संकोच नाही. खोलीत कुणी असेल तर माणूस आवाज खाली आणतो ना? तर खोलीत कुणी नव्हतंच.

अस्पृश्य माणूस दिसतो, त्याला शिवायचं नसतं. अदृश्य माणूस शिवू शकतो, तो दिसत नसतो. वेल्ससाहेबाला किंवा रमणलालना या दोन वेगळ्या गोष्टी वाटल्या असतील. आमच्या आईच्या नशिबी दोन्ही एकदमच आल्या. आणि वर सत्ता काहीच नाही. हिरोला अदृश्य होण्यात जी ताकद मिळते ती तिला कधी मिळाली नाही, कारण हिरो हवं तेव्हा अंगठी काढून ठेवू शकतो.

कपड्यांचंही बघा. ‘ऐलान’चा हिरो आपखुशीनं कपडे काढतो आणि वाचतो. तो पिक्चर निघाला त्याच्या दुसऱ्या वर्षी, १९७२ मध्ये, परभणी जिल्ह्यातल्या ब्राह्मणगावात बौद्ध स्त्रियांना पाण्यापायी नागवं केलं. गावानं बघावं म्हणून नागवं केलं. त्या वर्षी १५ ऑगस्टच्या ‘साधना’त राजा ढालेंनी ‘काळा स्वातंत्र्यदिन’ लिहिला आणि हिशोब मांडला, राष्ट्रध्वजाच्या अपमानाला दंड ३०० रुपये, दलित स्त्रीच्या अब्रूला ५०. त्याच वर्षी मुंबईत पँथर उभी राहिली. आमच्यात आणि हिरोत एवढाच फरक होता. त्याचे कपडे उतरले की तो दिसेनासा होतो, आमचे उतरवले की तेवढ्यापुरते आम्ही सगळ्या गावाला दिसतो.

म्हणून डिसेंबर १९२७ ला महाडला बाबासाहेब बायकांना काय सांगतात? लुगडं नीट नेसा, घोट्यापर्यंत नेसा, जातीची खूण सांगणारे ते गळ्याहातातले जाडजूड दागिने टाका. त्यांना काय लुगड्याचं दुकान काढायचं होतं? माणूस म्हणून दिसा, असं ते सांगत होते. स्वतः सुटाबुटात राहिले ते उगाच नाही.

हे सगळं मला अभ्यासवर्गात तोंडपाठ होतं. आणि तरी मी काय केलं ते आता सांगतो. हे मी आजवर कुठल्याही स्टेजवरून बोललो नाही.

१९८६ साली मला नोकरी लागून थोडे दिवस झाले होते. लग्न ठरलेलं. खोली पाहिजे होती. वस्तीत नको, नौपाड्यात पाहिजे. का? तर आई जिथं मागच्या जिन्यानं चढली तिथं पुढच्या जिन्यानं चढायचं. विचार चांगला होता. चार ठिकाणी आडनाव विचारलं, गाव विचारलं, मग म्हणाले खोली गेली. आमचं आडनाव असं आहे की ते मराठ्यांतही असतं. पाचव्या ठिकाणी घरमालक म्हणाला, “म्हणजे तुम्ही आमच्यातलेच की.” मी काही बोललो नाही. खोटंही बोललो नाही. गप्प बसलो. अंगठी तोंडात टाकली.

आता तुम्ही घरी जाऊन एक करा. तोंडात वॉशर ठेवा आणि बोलून बघा. लाळ गळते, शब्द फाटतात. पिक्चरमध्ये काय, डबिंग असतं. आम्ही पोरांनी तेव्हाच शोध लावला होता की तोंडात अंगठी असली की बोलता येत नाही. पण शोध लागणं वेगळं आणि कळणं वेगळं.

तीन वर्षं मी त्या बिल्डिंगमध्ये काढली. बाबासाहेबांचा फोटो कपाटात, साड्यांच्या मागं. बायको सहा डिसेंबरला दार लावून, कडी घालून मेणबत्ती लावायची. संध्याकाळी गॅलरीत गप्पा व्हायच्या. नामांतर, ‘रिडल्स’, राखीव जागा. “यांना आता आणखी काय पाहिजे?” मी मान हलवायचो. नुसती हलवायचो, वर-खाली नाही, आडवी नाही, मधेच कुठंतरी. आणि खरं सांगू? आत कुठंतरी गुदगुल्याही व्हायच्या. मी त्यांच्या मधोमध बसलोय, त्यांचा चहा पितोय, त्यांच्या कपाला ओठ लावतोय, आणि साल्यांना पत्ता नाही! हा तोच आनंद होता जो सातवीत चादरीमागं बसून झाला होता. तस्साच.

मग एकदा आई आली. हातात पिशवी, त्यात भाकरी आणि सुकट. सुकट कागदात सात वेळा गुंडाळलेली, वास जाऊ नये म्हणून. तिलाही सगळं कळत होतं. ती जिन्यावर उभी, मी दार उघडतोय, तेवढ्यात समोरच्या बाई बाहेर आल्या. आईकडं बघितलं आणि मला म्हणाल्या, “तुम्हाला कामाला बाई मिळाली वाटतं? आमच्याकडंही पाठवा ना.”

मी काय बोलणार? अंगठी होती तोंडात.

आई बोलली. त्या बाईंकडं न बघता, पदर सावरत म्हणाली, “न्हाय हो बाई, येळ न्हाय मला.” आणि आत आली. तिनं माझी अंगठी तोंडातून पडू दिली नाही. आत आल्यावर तिनं सुकट काढली, भाकरी काढली, माझ्या बायकोला म्हणाली कालवण कर. त्या विषयावर ती मरेपर्यंत एक अक्षर बोलली नाही. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

५ फेब्रुवारी १९८८. ‘रिडल्स’चा मोर्चा. मुंबईत लाखो माणूस. मी ऑफिसला जातो सांगून गेलो. त्या दिवशी जे ओरडलो, इतका कधी ओरडलो नव्हतो. माझ्या शेजारी एक म्हातारा अनवाणी चालत होता, त्याच्या हातात बाबासाहेबांचा फोटो, छातीशी धरलेला, बाहेर तोंड करून. रात्री घरी आलो तर जिन्यात घरमालक भेटला. म्हणाला, आवाज बसलाय तुमचा. तुम्हाला वाटेल आता हा छाती काढून सांगणार. मी म्हणालो, सर्दी झालीय.

पुढच्या वर्षी खोली सोडली. काढलं नाही आम्हाला कुणी, आम्हीच सोडली. सामान उतरवताना बायकोनं फोटो कपाटातून काढला आणि हातात धरून पुढच्या जिन्यानं खाली गेली. गॅलरीत सगळे उभे होते. कुणी काही बोललं नाही. मी मागून गादी घेऊन उतरत होतो, गादीच्या मागं माझं तोंड दिसत नव्हतं. ही बायकोची हिंमत, माझी नाही, हे नोंदवून ठेवा.

तर तुम्ही म्हणाल, एवढं सगळं झाल्यावर तुम्हाला ‘ऐलान’चा राग यायला पाहिजे. येत नाही. आजही बघतो. आता फोनवर दिसतो, एवढासा. नात शेजारी बसते, तिला दोरे दिसतात, तारा दिसतात, ती हसते. विनोद मेहरा कोठडीत कपड्यांना हात घालतो आणि माझ्या पोटात अजूनही तसंच होतं, आता सुटणार, आता नाकासमोरून निघून जाणार. मला माहीत आहे त्या अंगठीची किंमत काय, मी भरलेली आहे. तरी त्या अर्ध्या मिनिटात मला ती हवी असते. तुमच्यातले जे आज नाव सांगताना नुसतं पहिलं नाव सांगतात आणि आडनाव गिळतात, भाड्याची खोली बघताना, इंटरव्ह्यूत, पोरीच्या घरी, त्यांना मी काही शिकवायला आलो नाही. मी त्यांच्यातलाच आहे. फक्त मला एवढं सांगा की गप्प बसल्यावर जबड्यात दुखतं का. माझं अजून दुखतं.

‘स्पेस इज द प्लेस’ आणि ‘ऐलान’ दोन्ही दाखवू एका रात्री, एकामागून एक. आयोजक म्हणतात, या सभागृहात मोठा पडदा आहे, एसी आहे. मला नको. वस्तीत दाखवू, उघड्यावर. सोळा एमएमचा प्रोजेक्टर आता मिळणार नाही, तुमचं ते मशीन चालेल. बांबू तुम्ही आणा. चादर मी आणतो, आईची आहे, मधे थोडी विरलेली. मागच्या बाजूला पण माणसं बसू द्या.

जयभीम.